बुडावरचं नारळाचं झाड

कुणाकडेही चहाला गेलो की कप रिकामा होताच तो उलटा करून त्याचं बूड बघायची मला सवय आहे. बायको होती तोवर ती पायावर पाय देऊन थांबवायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "पाहुणा आलाय की भांडेवाला आलाय, हेच लोकांना कळत नाही." ती गेल्यापासून अडवणारं कुणी नाही. परभणीत आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांतले कप कोणत्या मातीचे, साच्यातले की चाकावरचे, हे मला ठाऊक आहे. घरवाल्यांना नाही.

ही सवय हैदराबादची. मास्तरकी मिळायच्या आधी दोनेक वर्षं मी तिथल्या एका हॉटेलात क्रोकरीच्या कोठीवर होतो. कपबश्या उतरवून घ्यायच्या, फुटतूट बाजूला काढायची, बनावट माल परत पाठवायचा. कोठीचे प्रमुख एक वयस्क हैदराबादी गृहस्थ होते. तोंडात कायम पान. मी नवीन बशीवरची नक्षी बघत बसलो की ते हातातून बशी काढून उलटी करत. "मूं तो सबका अच्छा रहता मियाँ. पैले पेंदा देखो." चिनी मातीच्या भांड्याला वरून हवा तो रंग आणि झिलई देता येते, पण ते ज्यावर उभं राहतं तिथं बहुतेक वेळा माती उघडीच असते. ती बघायची.

हॉटेलच्या मालकांनी परदेशात कुठंतरी बेटांच्या थाटाचा बार पाहिला आणि परत आल्यावर तसाच बार आपल्याकडे काढला. भिंतींना बांबूच्या चटया लावल्या, छताला गवत लावलं, आणि आमच्या कोठीत जपानहून एक पेटी आली. तिच्यात पेंढ्यात गुंडाळलेले मग होते. तपकिरी रंग, खोल डोळे, पसरट नाक, विचकलेले दात. धरायला दांडी नाही, अख्खं डोकंच हातात धरायचं. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर अशा तोंडांचे लाकडी पुतळे असतात, त्यांना टिकी म्हणतात, त्यांतले काही तिथले देव आहेत, हे मला फार उशिरा कळलं. कुणाच्या तरी देवाच्या डोक्यातून दारू प्यायची ही कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली असेल, याचं मला अजून कुतूहल आहे. आपल्या म्हसोबाच्या तोंडाचे मग करून तिकडे कुणी दारू विकली असती तर आपण काय म्हटलं असतं?

ते मग भराभर फुटत. पुन्हा जपानहून मागवणं जमेना, तेव्हा मालकांनी एक मग जवळच्या भट्टीत देऊन तसेच करून घेतले. पुढे बार चालला नाही आणि बंदही झाला. त्या मगांपैकी दोन माझ्याकडे आले. एक पहिल्या दिवाळीला बक्षीस म्हणून, दुसरा नोकरी सोडताना.

या दोन मगांचा इतिहास मी यंदा खोटा सांगितला. तो दुरुस्त करायला हे लिहितो आहे.

सुट्टीत नात पुण्याहून आली होती. माळ्यावर गावच्या सामानाची एक पत्र्याची पेटी आहे. वालूरजवळच्या आमच्या गावातला गोठा पाडला तेव्हा तिथल्या वस्तू तशाच तिच्यात भरून आणल्या होत्या. नातीनं ती उघडली आणि बैलांच्या घुंगरांखालून मग काढला.

"आजोबा, हा तर टिकी मग आहे! तुमच्याकडे कसा?"

"माझा एक कपाटात पण आहे. पेना ठेवतो मी त्यात."

ती धावत जाऊन तोही घेऊन आली. जगभर असे जुने मग जमवणारे लोक आहेत आणि त्यांचा फोनवर एक गट आहे, हे तिनं मला सांगितलं. तिनं फोटो टाकले. तासाभरात तिकडून प्रश्न आले: उंची किती, वजन किती, बाजूला साच्याची शिवण दिसते का, बुडाचा फोटो पाठवा. मला गंमत वाटली. सातासमुद्रापलीकडची माणसं आमच्या कोठीप्रमुखांसारखंच बोलत होती.

आम्ही दोन्ही मग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि मी चकित झालो. कपाटातला मग पेटीतल्या मगापेक्षा बोटभर लहान होता.

हे मला एका क्षणात कळायला हवं होतं, कारण मी कोठीत हेच शिकलो होतो. ओली माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. तयार मगावरून साचा घेतला आणि त्यात नवा मग केला, तर तो मुळापेक्षा लहानच निघतो. नाकडोळेही थोडे बुजतात. लहान मग म्हणजे भट्टीवाल्याची नक्कल होती. मी बोटाच्या पेराने टिचकी मारली. पेटीतला मग टणकन् वाजला. कपाटातला बद्द बोलला. पन्नासहून जास्त वर्षं मी नक्कल काचेच्या कपाटात जपली होती आणि अस्सल मग घुंगरांखाली पडला होता.

"इतक्या वर्षांत कधी लक्षात नाही आलं?" नातीनं विचारलं.

"ते कधी शेजारी ठेवलेच नव्हते," मी म्हणालो. का ठेवले नव्हते, ते मात्र बोललो नाही.

तेवढ्यात तिनं अस्सल मग उलटा केला. "हे काय आहे? झाड?"

बुडाच्या उघड्या मातीत एक उभी रेघ होती आणि तिच्या माथ्यावर दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या आखूड रेघा. तिनं त्याचाही फोटो पाठवला. तिकडे एकच गलका झाला. नारळाचं झाड! अशी खूण असलेला मग कुणीच पाहिला नव्हता. ही त्या हैदराबादच्या बारची खूण असेल का, असं त्यांनी विचारलं.

"आजोबा, बारचीच ना? तुम्ही तर तिथेच होता."

"असेल," मी म्हणालो. आणि ती माझ्याकडे बघतच राहिली म्हणून पुढे जोडलं, "हो, बारचीच."

चार दिवसांत ती खूण त्या गटाच्या मगांच्या नोंदवहीत जाऊन बसली. पाचव्या दिवशी नात हसत हसत माझ्याकडे आली. परदेशातल्या एका गृहस्थांकडे त्याच बारमधला मग होता. त्यांच्या वडलांनी हिंदुस्थानातून आणलेला. त्याच्या बुडावर नारळाचं झाड नव्हतं. "बिचारे विचारतायत, माझा मग खोटा आहे का?"

मला हसू आलं नाही. त्या माणसाचा मग खरा होता. खोटं होतं ते झाड, आणि ते मी काढलं होतं.

पहिला मग मी दिवाळीला गावी आणला तेव्हा आईनं तो हातातसुद्धा घेतला नाही. "ह्ये कसलं भुताचं तोंड आणलास रे सणासुदीचं? घरात नगं." आमच्याकडे एक सालगडी होता, म्हणजे वर्षाच्या बोलीनं राहिलेला माणूस. तो दलित होता. आम्ही त्या काळी वापरायचो तो शब्द इथे लिहीत नाही. वयानं तो माझ्या वडलांएवढा. आम्ही पोरंसोरंही त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला धाकले मालक म्हणायचा. त्याचा चहा घरातल्या भांड्यात होत नसे. गोठ्याच्या कोनाड्यात त्याची एक फुटक्या कानाची कपबशी असे. आईनं ती काढून तिथं हा मग ठेवला. ती चहा वरून ओतायची, तो धरायचा.

दुसरा मग आणला तोवर वडलांना त्या तोंडाची मौज वाटू लागली होती. "हैदराबादचा माल हाय," म्हणून ते पाहुण्यांना दाखवत. तो घरात कपाटात गेला. एक घरात, एक गोठ्यात.

पोळ्याच्या दिवशी गोठा सारवायला काढला. कुणीतरी कोनाड्यातलं सामान उचलून ओसरीवर ठेवलं. आई आतून आली तर ओसरीवर मग. कपाटातला वडलांनी शेजारी दाखवायला नेला होता, पण ते तिला माहीत नव्हतं. हा मग घरातला की गोठ्यातला, हे तिला कळेना. वडील आले, उलगडा झाला, पण तिचा जीव थाऱ्यावर येईना. "आज कळालं. उद्या मिसळले तर? तू खूण करून दे बाबा एकाला."

आईनं सांगितलं म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. मी हौसेनं केलं. कोठीत शिकलेलं काही गावात दाखवायची ती पहिलीच संधी होती. झिलईवर रेघ उमटत नाही, बुडावर उमटते, हे आईला समजावून सांगितलं. अवजारांतून कानस शोधून आणली. गडी बैलांची शिंगं रंगवत होता. त्यानंच हात पुसून मग माझ्या हातात दिला. मी एक उभी रेघ ओढली. तिला वरून आडवी रेघ देताना कानस घसरली, पुन्हा दिली, पुन्हा घसरली. त्या घसरलेल्या रेघा म्हणजे नारळाच्या झावळ्या. शेवटी तव्याची काजळी घासून खूण काळी केली. गडी समोर उभा होता.

"धाकले मालक, लय खोल जाऊ नका," तो म्हणाला. "बूड गेलं तर चहा खालून गळंल."

आम्ही सगळे हसलो. तोही हसला. पुढे मी मास्तर झालो आणि वर्गात सगळी माणसं समान असल्याचं मुलांना पाठ करायला लावलं, तेव्हाही मग कोनाड्यातच होता.

त्या परदेशी गृहस्थांच्या प्रश्नानंतर मी अस्सल मग पुन्हा हातात घेतला आणि भिंगाखाली नीट पाहिला. खुणेबद्दल शंका नव्हतीच. ओल्या मातीत रेघ ओढली तर तिच्या काठांना माती उचलून येते आणि भाजल्यावर गुळगुळीत होते. इथे काठ खरबरीत होते. हे त्या गटातल्या जाणकारांनाही आज ना उद्या दिसणारच होतं. पण मला दुसरंच काहीतरी दिसलं.

ज्या मगातून माणूस वर्षानुवर्षं चहा पितो, त्याच्या कडेवरची झिलई मंद होते. कोठीत मी असे शेकडो कप बाजूला काढले होते. गडी आमच्याकडे होता तोवर, म्हणजे पंधरा-सोळा वर्षं, हा मग दिवसातून दोनदा भरत होता. आत तळापासून वरपर्यंत चहाचे डाग होते. बुडाचा बाहेरचा घेर कोनाड्याच्या दगडावर घासून गुळगुळीत झाला होता. वरची कड मात्र चकचकीत. शिवाय त्या तोंडाच्या एका कानाच्या मागे, बाहेरच्या अंगानं, झिलईच्या बारीक तडांमध्ये तपकिरी ओघळ मुरला होता. फक्त तिथेच. कपातून पिताना असा ओघळ होत नाही. तो ओतताना होतो, आणि रोज एकाच बाजूनं ओतलं तर होतो.

कुणी, कशात ओतत होतं? नातीनं गटात विचारलं, तर एकानं लिहिलं की बारमध्ये दारू ओतायला वापरत असतील. ती उत्सुकतेनं माझ्याकडे बघत होती. तिला मी त्या दिवशी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पणजी अशी होती?"

"पणजी होती. आणि कानस माझ्या हातात होती."

"मग हे लिहायला पाहिजे, आजोबा."

"लिहू. पण आधी एकाला भेटून येतो."

त्या गड्याचा मुलगा परभणीतच जिंतूर रोडला राहतो. माझा विद्यार्थी. सरकारी नोकरीतून निवृत्त झालाय, नातवंडं आहेत. बाजारात भेटला की थांबून बोलतो. त्याच्या घरी मात्र मी कधी गेलो नव्हतो. पिशवीत मग घालून ऑटोनं गेलो.

"या सर, या. आज वाट चुकलात काय?"

मी मग टीपॉयवर ठेवला. त्यानं त्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. उचलून सरळ उलटा केला आणि खुणेवरून अंगठा फिरवला.

"बाबांचा," तो म्हणाला.

"ही खूण मी केली होती."

"माहीत हाय ना. बाबा सांगायचे. धाकल्या मालकानं केली, लय मन लावून केली."

मी मनाशी जुळवून आणलेली वाक्यं तिथंच संपली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी कडेची गोष्ट काढली. ही कड झिजलेली का नाही, आणि हा ओघळ कशाचा? मी हे अगदी परीक्षा घेतल्यासारखं विचारत होतो, हे माझं मलाच कळत होतं. तो मात्र रंगून गेला. ओघळावर बोट ठेवून म्हणाला, "आयला, हे दिसतंय व्हय अजून?"

"काय?"

"बाबा यात चहा घेऊन गोठ्यामागं जायचे. कंबरेला जर्मनचा गिलास असायचा, घरून नेलेला. त्यात ओतून घ्यायचे अन् प्यायचे. ह्याला धुवायचे अन् परत कोनाड्यात. मी भाकर घेऊन यायचो ना, बघितलंय कितींदा."

"पहिल्यापासून?"

"न्हाई. खूण झाल्यापासून. तुमी हा हैदराबादहून आणला तवा बाबांनी घरी येऊन सांगितलं होतं, धाकल्या मालकानं मला लय भारी मग दिलाय. आई म्हणाली, तोंड कसं हाय? म्हणले, माझ्यासारखंच हाय. ती खूण केली तवा त्यांला कळालं, दिला न्हाई, ठेवलाय. त्या दिवसापासून तोंड लावलं न्हाई."

पंधरा-सोळा वर्षं. आमच्या घरातल्या एकालाही पत्ता नव्हता. आम्ही त्याला वेगळं ठेवत होतो आणि त्यानं आम्हाला कधीच बाजूला ठेवलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. "घ्या सर, निवायलाय," तो म्हणाला. माझं वाक्य राहिलं ते राहिलंच. खरं तर त्यानं ते राहू दिलं.

चहा झाला. आणि विचारात असताना माझ्या हातानं आपलं काम केलं. मी कप उलटा केला.

तो माझ्याकडे बघत होता. "बघा सर, नीट बघा," तो म्हणाला. "खूण न्हाई कुठं."

त्याची बायको हसू दाबत आत गेली. मीही हसलो आणि कप सरळ करून बशीत ठेवला.

निघताना मी म्हणालो की हा मग तुमचा आहे, तुमच्याकडे राहू दे. त्यानं तो उचलून माझ्या पिशवीत घातला. "बाबांनी घेतला न्हाई, मी घेऊ? तुमच्याकडंच राहू द्या. फकत त्या तिकडच्या माणसाला आधी कळवा. बिचारा आपला खरा मग खोटा समजायलाय."

घरी नात वाटच बघत होती. गटाच्या नोंदवहीतली नोंद दुरुस्त करायला तिनं फोन हातात घेतला आणि मी सांगत गेलो. मग जपानचा, अस्सल. सोबतचा लहान मग नक्कल. बुडावरची खूण बारची नाही; त्या बारच्या कुठल्याही मगावर अशी खूण नव्हती, त्यामुळे ज्यांच्या मगावर ती नाही त्यांनी काळजी करू नये. खूण भाजल्यानंतर कानसेनं केलेली आहे. करणारा मी. चहा देताना ज्याचं भांडं वेगळं ठेवायचं, त्याचं भांडं ओळखू यावं म्हणून केली. ते झाड नाही.

ती लिहीत होती, मध्येच थांबत होती, खोडत होती. कोनाड्याचं आणि वरून ओतण्याचं तिकडच्यांना कळेल असं लिहायला तिला वेळ लागला. मी घाई केली नाही.

"नोंदीत अजून एक रकाना आहे," ती म्हणाली. "मग वापरलेला की न वापरलेला? सगळ्यांना भरावा लागतो."

मी मग हातात घेऊन कड खिडकीच्या उजेडात धरली.

"वापरलेला लिही. खूण केल्यापासून ओठ लागलेला नाही, असंही लिही."

"कारण विचारतील."

"विचारू देत. तेही लिही."